आधी पाणी, मग पराक्रम

‘साहस’ या शब्दाचे आपल्याकडे फार कोडकौतुक होते. कोणी सायकलवरून दूरदेशी जाऊन आला की आपण म्हणतो, “काय छाती आहे!” त्याच्या छातीबद्दल माझी तक्रार नाही. पण निघण्यापूर्वी त्याने किती महिने नकाशे चाळले, कोठे किती पाणी भरायचे याचे हिशेब करण्यात किती कागद खराब केले, हे कोणी विचारत नाही. सत्कारसमारंभात हार छातीला मिळतो, वहीला मिळत नाही. माझे म्हणणे असे की लांबच्या सायकलप्रवासातले निम्म्याहून अधिक काम वहीतच होते. आणि ज्याच्या खिशात पैसा कमी, त्याला तर ही वही सर्वांत जास्त लागते.

हवेत बोलण्यापेक्षा एक उदाहरणच घेऊ. गेल्या वर्षापासून माझा एक वर्गमित्र आणि मी ऑस्ट्रेलिया सायकलने ओलांडण्याची योजना करीत आहोत : पश्चिमेच्या पर्थपासून पूर्वेच्या सिडनीपर्यंत, सुमारे ४,००० किलोमीटर. यांतला बराचसा रस्ता गावागावांतून जातो आणि त्याची मला फारशी चिंता वाटत नाही. खरी परीक्षा मधल्या तुकड्याची आहे. नॉर्समन या गावापासून सेडूनापर्यंत सुमारे १,२०० किलोमीटर एअर हायवे जातो, तो नलारबोरच्या पठाराच्या कडेने. नलारबोर म्हणजे लॅटिनमध्ये ‘एकही झाड नाही’. (रस्त्याच्या कडेला झाडे पुष्कळ ठिकाणी आहेत, नाव पडले ते पडले.) पठार चुनखडीचे. पडलेला पाऊस खाली मुरून जातो. नदी नाही, ओढा नाही. वस्ती म्हणजे ‘रोडहाऊस’ : एक पेट्रोलपंप, एक खाणावळ, दोन-चार खोल्या. त्याच्या नावाचा ठिपका नकाशात गावाएवढाच छापतात, त्यामुळे पाहणारा फसतो.

आता वही उघडू. नॉर्समन ते बॅलडोनिया सुमारे १९१ किलोमीटर, मध्ये एकही रोडहाऊस नाही. बॅलडोनिया ते कैगुना १८२, यांतच १४६.६ किलोमीटरचा तो प्रसिद्ध सरळ रस्ता आहे, ज्याला एक वळण म्हणून नाही. पुढे बॉर्डर व्हिलेज ते नलारबोर रोडहाऊस साधारण १८६. मोटारीतल्या माणसाला हे दोन तासांचे अंतर. सामान लादलेल्या सायकलला दिवसाला ८० किलोमीटर धरले तर १९१ किलोमीटरला अडीच दिवस, म्हणजे हिशेबाला तीन. पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून दिवसाला माणशी ८ लिटर पाणी धरले, तर तीन दिवसांचे २४ लिटर. एक लिटर म्हणजे एक किलो. पंधरा किलोची सायकल, वीस किलो सामान, त्यावर हे दोन हंडे पाणी! आणि वारा समोरून आला तर ८० चे ५० होतात, तीन दिवसांचे चार होतात, २४ चे ३२ लिटर होतात; वजन वाढले म्हणून वेग आणखी घटतो, आणि वेग घटला म्हणून पाणी आणखी लागते. ज्यांच्या घरी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, त्यांना हे गणित समजावून द्यावे लागत नाही. आमच्या आईला मी आकडे वाचून दाखवले तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला तो हा, की पिशवी फुटली तर? तेव्हापासून आमचे पाणी एका पिशवीत नसून पाच भांड्यांत विभागलेले आहे.

या गणितातून सुटका ताकदीने होत नाही. ती होते दिशा आणि ऋतू निवडून. थंडीच्या दिवसांत तिकडे पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांचा जोर असतो, म्हणून पर्थहून सिडनीकडे जावे, उलट जाऊ नये. वारा कोणाला वचन देत नाही, पण संभव तरी आपल्या बाजूचा असावा. आणि दक्षिण गोलार्धात आपल्या मे-जूनमध्ये थंडी सुरू होते, म्हणजे आपली वार्षिक परीक्षा संपते तेव्हा. उलट आपल्या नाताळच्या सुट्टीत जाणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे की १९ डिसेंबर २०१९ रोजी नलारबोर येथे ४९.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. त्या उन्हात दिवसाला ८ लिटरचा आकडा हास्यास्पद ठरतो. थंडीतही एक अडचण राहते : दिवस लहान, उजेड जेमतेम दहा तास, आणि दोन-तीन ट्रेलर जोडलेल्या प्रचंड रोडट्रेन रात्रीही धावतात, तेव्हा अंधारात सायकल चालवायचे नाव काढायचे नाही. पाणी, वारा, उजेड हे तिन्ही एका कागदावर मांडल्याशिवाय ‘रोज १२० किलोमीटर मारू’ असे म्हणण्याला मी नियोजन म्हणत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. आर्थर रिचर्डसनने १८९६ साली कूलगार्डीहून ॲडलेडपर्यंत याच प्रदेशातून सायकल नेली, ३१ दिवसांत. बरोबर किरकोळ सामान आणि पाण्याची एक पिशवी. नोव्हेंबरात, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर निघाला. त्याने कोठे वह्या भरल्या होत्या? मला हा आक्षेप लंगडा वाटतो. रिचर्डसन तारेच्या खांबांच्या कडेने गेला. १८७७ साली पूर्ण झालेल्या त्या तारमार्गावर ठिकठिकाणी तारघरे होती. तारघर म्हणजे माणूस, छप्पर आणि पाणी. त्याची योजना दुसऱ्यांनी वीस वर्षे आधी खांबांच्या रूपाने जमिनीत रोवून ठेवली होती. त्याही आधी, १८४१ साली, एडवर्ड एअर किनाऱ्याकिनाऱ्याने हा प्रदेश पार करून गेला. त्याला वाळूच्या टेकड्यांमागे पाणी कोठे खणायचे हे तिथल्या मूळ रहिवाशांनी दाखवले, आणि शेवटपर्यंत त्याच्या सोबतीला होता तो वायली हा मूळ रहिवासी तरुण. ज्या जमिनीला आपण ‘ओसाड’ म्हणून मोकळे होतो, तिथला पाण्याचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी तोंडपाठ ठेवला होता.

आपल्याकडचेच पाहायचे तर पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी यांनी २०१८ च्या जुलैत पर्थहूनच पृथ्वीप्रदक्षिणेला सुरुवात केली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी. १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर! वर्तमानपत्रांनी दिवस आणि किलोमीटर ठळक छापले; तयारीला दोन वर्षे लागली ही गोष्ट मात्र एका ओळीत आटोपली. मला त्या ओळीचा लेख वाचायला आवडला असता.

वहीत आणखी एक पान हवे, आणि ते बहुतेक योजनांत नसते : मागे कोठे फिरायचे याचे. नॉर्समनहून निघाल्यावर पहिल्या संध्याकाळी ५० किलोमीटरही झाले नसतील, तर सकाळी परत. समोरचा वारा परतताना पाठीशी येईल, पाणीही पुरेल. हा नियम घरी बसूनच लिहून ठेवला पाहिजे, कारण रस्त्यावर अब्रू आडवी येते. तसेच दुरुस्तीचे. पंक्चर सगळ्यांना काढता येते. पण ओझ्याने स्पोक तुटतो तो बहुधा मागच्या चाकाचा, आणि चेनच्या बाजूचा तुटला तर फ्रीव्हील उतरवल्याशिवाय नवा बसत नाही. तेव्हा ते उतरवण्याचे हत्यार बरोबर हवे, आणि चाकाचा आऊट काढता यायला हवा. हे शिकायला परदेशी जावे लागत नाही. बाजारपेठेतल्या सायकलवाल्याकडे एक दिवाळीची सुट्टी हात काळे करून काढली की येते.

सगळेच आखून ठेवले तर गंमत काय राहिली, असे एका सरांनी विचारले. गंमत राहतेच. युक्ला आणि आसपासच्या रोडहाऊसवाल्यांनी स्वतःचे वेगळे घड्याळ मानले आहे, पर्थच्या पाऊण तास पुढे. सरकारी दप्तरी त्याची नोंद नाही. असल्या गोष्टी आखता येत नाहीत आणि आखू नयेत. पाणी तेवढे आखावे.

राहिला पैशाचा मुद्दा. “विमानाचे तिकीट काढायची ऐपत नाही, आणि नकाशे कसले पाहता?” हे आम्हांला घरी आणि वसतिगृहातही ऐकावे लागते. व्हिसाच्या अर्जाबरोबर बँकेत पैसे असल्याचा पुरावा लागतो, आणि तो आज आमच्यापाशी नाही, हे खरेच आहे. पण म्हणूनच योजना आधी हवी. श्रीमंताचा अंदाज चुकला तर तो गाडी मागवतो, खोली घेतो, नवे चाक विकत घेतो. आमचा चुकला तर प्रवास तिथेच संपतो. गोडे पाणी त्या वाटेवर पुष्कळ ठिकाणी बाटलीने विकत घ्यावे लागते. ते किती लागेल हे माहीत असल्याशिवाय किती साठवायचे हेच कळत नाही. सायकलच्या टायरला, बुटांना, तंबूला मातीचा कणही चिकटलेला तिकडच्या विमानतळावर चालत नाही. तपासणीत अडकणे आमच्यासारख्यांना परवडणारे नाही, म्हणून खोक्यात भरण्याआधी सायकल ब्रशने घासून धुणे हेही वहीत आहे. सेडूनाच्या नाक्यावर फळे-भाज्या काढून घेतात, म्हणून कांदेसुद्धा त्याआधी संपवायचे.

सध्या आमचे अडले आहे ते बॉर्डर व्हिलेजपुढच्या १८६ किलोमीटरवर. मित्र म्हणतो, तोपर्यंत पाय तयार झालेले असतील, दोन दिवस आणि १६ लिटर धरू. मी तीन दिवस आणि २४ वर अडून बसलो आहे. त्याने माझ्या आकड्यावर पेन्सिलीने फुली मारली आहे, ती मी अद्याप खोडलेली नाही. भूगोलाच्या सरांना दोन्ही हिशेब दाखवायचे असे ठरले आहे.