"हे मी नाही, एआय सांगतंय!"

गेल्या महिन्यात आईची दाढ ठणकत होती म्हणून पुण्यातल्या एका चकाचक दवाखान्यात गेलो. नाव लिहीत नाही, कारण मुद्दा एका डॉक्टरांचा नाहीये. एक्स-रे काढला, पडद्यावर आला आणि क्षणात चार दातांभोवती लाल चौकोन उमटले. डॉक्टर म्हणाले, "साहेब, हे मी नाही, एआय सांगतंय. चारही फिलिंग करून टाकू."

आई घाबरली. मी तिला घेऊन पेठेतल्या आमच्या जुन्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आरसा घातला, हवा मारून दात कोरडे केले, नीट बघितलं. एक दाढ खरंच किडलेली. दोन दातांवर नुसती सुरुवात. फ्लोराइड लावा, सहा महिन्यांनी दाखवा. चौथ्याला काहीच नाही. एक्स-रेत शेजारचा दात त्याच्यावर आलाय, ती सावली!

आता लगेच "बघा, एआय म्हणजे थोतांड" अशी कमेंट टाकू नका. जुने डॉक्टरही म्हणालेच, "असली थेरं माझ्याकडे नाहीत." तेही मला पटलं नाही. दोन दातांच्या फटीतली कीड नुसत्या डोळ्यांना दिसत नाही आणि संध्याकाळी विसाव्या पेशंटचा एक्स-रे बघताना माणसाची नजर चुकते. मशीन थकत नाही. मदत म्हणून ते हवंच.

पण मदत म्हणून! 2022 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने अशाच एका सॉफ्टवेअरला परवानगी दिली. त्याचं नावच 'सेकंड ओपिनियन'. म्हणजे पहिलं मत डॉक्टरचं, हे गृहीतच आहे. आपल्याकडे मात्र दुसरं मत पहिल्या खुर्चीत बसलंय आणि डॉक्टर त्याचा सेल्समन झालाय.

आणि चुकलं तर? उद्या चांगला दात कोरला गेला तर मशीन ग्राहक आयोगात उभं राहणार आहे का? 1995 मध्येच सुप्रीम कोर्टाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. आयसीएमआरनेही 2023 मध्ये आरोग्यक्षेत्रातल्या एआयसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातही पेशंटची संमती आणि माणसाची जबाबदारी आहेच. "एआयने सांगितलं" ही पळवाट नाही, डॉक्टरसाहेब. सही तुमची आहे, फीही तुम्हीच घेता.

इंडियन डेंटल असोसिएशनच्या पुणे शाखेला माझं जाहीर सांगणं आहे: एआय वापरत असाल तर दवाखान्यात तशी पाटी लावायला सांगा. पेशंटचा एक्स-रे कुठल्या कंपनीकडे जातो, तेही लिहा.

आणि तुम्ही, वाचणाऱ्यांनो, खुर्चीत आडवं होण्याआधी एवढं विचारा: "डॉक्टर, मशीनचं कळलं. तुम्हाला स्वतःला काय दिसतंय? आणि आज कोरलं नाही तर काय होईल?"

तोंड उघडायच्या आधी तोंड उघडा. नंतर बोलता येत नाही!

डेंटिस्ट मित्रांनो, पटलं नसेल तर कमेंटमध्ये या. भांडू.