टिपू, कापूस आणि दोन कड्या



उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा सुरू झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी आमच्या चौथीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. डबा तसाच हातात. मी म्हटलं, "काय गं, पोटात दुखतंय का?" तर म्हणते, "बाई, कुत्रा आणि ससा मित्र होतात ना?"

तिच्याकडे टिपू नावाचा टेरिअर आहे, तीन वर्षांचा. मामानं पुण्याहून आणलेला. त्याच मामानं मे महिन्यात एक पांढरा ससा आणून दिला. त्याचं नाव कापूस. बाबांनी सांगून टाकलं होतं, रविवारपर्यंत बघू, नाहीतर ससा परत. आणि हिनं मोबाईलवर कुत्र्याच्या पोटाशी झोपलेला ससा पाहिला होता.

"होतात" म्हणणं सोपं होतं. मी म्हटलं नाही. त्याला कारण आहे.

मी पाचवीत असताना आमच्याकडेही ससा होता. पिंजरा अंगणात, पेरूखाली. एका दुपारी वाटेवरचा एक कुत्रा कुंपणातून आत घुसला. पिंजरा बंद होता. कुत्रा नुसता भोवती भुंकत फिरला, जाळीवर पंजे मारले. मी काठी घेऊन त्याला हाकललं आणि फुशारकीनं सगळ्यांना सांगत सुटले. सशाला साधा ओरखडासुद्धा नव्हता. पण तो कोपऱ्यात बसून राहिला, काही खाईना, आणि संध्याकाळी मेला. आजी म्हणाली, "धसक्यानं गेला गं." मला पटलं नाही. मोठेपणी कळलं की आजीचंच बरोबर होतं. पळायला जागा नसताना भीती अंगावर आली, की ससा नुसत्या धसक्यानंही जाऊ शकतो. दात लागायलाच हवा असं नाही.

आता टिपूची बाजू. तो दुष्ट आहे का? मुळीच नाही. 'टेरिअर' या नावाच्या मुळाशी लॅटिनमधला 'टेरा' शब्द आहे, म्हणजे जमीन. इंग्लंडात हे कुत्रे माणसानं मुद्दाम तयार केले ते बिळात शिरून कोल्ह्याला बाहेर काढायला आणि उंदीर-घुशी मारायला. आपल्याकडचा कारवानी कुत्रा मोकळ्या माळावर नजर लावून सशामागे धावतो. टेरिअर मात्र उकरतो, घुसतो, पकडतो आणि झटका देतो. आजोबांकडे एच.एम.व्ही.च्या जुन्या तबकड्या असतील तर काढून बघा. भोंग्यासमोर मान तिरकी करून बसलेला तो कुत्रा, निपर, टेरिअरच्याच वळणाचा होता. १८८४ साली इंग्लंडात जन्मलेला. पाहुण्यांच्या पोटऱ्या धरायचा, म्हणून हे नाव पडलं म्हणतात! तर टिपू सशाकडे बघतो तेव्हा तो चिडलेला नसतो. त्याच्या पणजोबाच्या पणजोबांनी केलेलं काम त्याला आठवत असतं. ते लाडानं जात नाही आणि मारानं तर नाहीच नाही.

रविवारी मी त्यांच्या घरी गेले. दहिवलीत नदीच्या बाजूला कौलारू घर आहे, पुढे ओटी, मधे माजघर, मागे परस. कापूसचा पिंजरा ओटीवर, जमिनीवर ठेवलेला. म्हणजे टिपूच्या अगदी नाकासमोर! कारण विचारलं तर आई म्हणाली, "बाई, ओटीवर वारा लागतो. आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे." तिचंही खरं होतं. कर्जतला एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो, आणि सशाला ऊन अजिबात सोसत नाही. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता तो बरीचशी कानांतून बाहेर टाकतो. उन्हासाठी ओटी बरी आणि कुत्र्यासाठी माजघर बरं, असा पेच.

आम्ही माजघर निवडलं. उन्हावर उपाय आहेत. खिडकीला ओलं पोतं टांगायचं, फ्रिजमध्ये गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवायची. ससा तिला टेकून बसतो. कुत्र्यावर एकच उपाय, मध्ये दार.

पिंजऱ्याला कोंबड्यांच्या खुराड्याची पातळ जाळी होती आणि कडीच्या जागी तारेचा आकडा. टेरिअरला ती जाळी म्हणजे पापड. जाड, चौकोनी, सांधे जोडलेली जाळी लागते. तळाला नुसती जाळी नको, सशाचे पाय सोलतात. वर फळी आणि गवत हवं. आत एक लाकडी खोका हवा, त्याला दोन भोकं. दोन का? एकाच भोकाच्या खोक्यात ससा अडकल्यासारखा होतो. आणि पिंजरा मातीच्या जमिनीवर परसात कधीच नको, टिपू रात्रीतून खालून बोगदा काढील.

मग नियम ठरला, दोन कड्यांचा. कुत्रा आणि ससा यांच्यामध्ये नेहमी दोन बंद गोष्टी असायच्या, एक पिंजऱ्याची कडी आणि एक माजघराच्या दाराची. एक कडी कुणीतरी विसरतंच. (आमच्याच घरी गॅसचं बटण कोण विसरतं ते मी सांगणार नाही.)

ओळख करून द्यायची का? द्यायची, पण हळू. पहिला आठवडा नुसत्या वासाचा. कापूसखालचं फडकं टिपूजवळ, टिपूचं फडकं पिंजऱ्यापासून जरा लांब. मग एक दिवस टिपूला भरपूर फिरवून, खायला घालून, साखळीला धरून मोठ्या माणसानं माजघराच्या दारात बसायचं. कापूस पिंजऱ्यातच. दोन मिनिटं, बस. टिपूनं नजर काढून आपल्याकडे बघितलं की लगेच भाकरीचा तुकडा. मोठ्या माणसानं हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण टेरिअरचा हिसका चौथीतल्या हाताला आवरत नाही.

एक गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. भुंकणारा कुत्रा धोक्याचा आणि गप्प बसलेला शहाणा, असं आपण धरून चालतो. टिपू गप्प झाला, अंग ताठ, डोळे एकाच जागी खिळलेले, शेपूट स्थिर, मधेच थरथर, तर ते शहाणपण नव्हे, ती शिकारीची तयारी. त्याला तिथून लगेच बाहेर न्यायचं. कापूसचंही बघायचं. मागचा पाय जमिनीवर आपटला तर तो 'धोका' म्हणतोय. कान पाठीला चिकटले, डोळे मोठे झाले, तर खेळ बंद. कुत्रा समोर असताना तो निवांत गवत चघळू लागला, तर समजा जरा जमतंय.

आणि सशाला मांडीवर घेऊन कुत्र्याला "बघ बघ, हात लावू नकोस हं" करत दाखवायचं नाही. ससा घाबरून मागच्या पायांनी इतक्या जोरात लाथ झाडतो की त्याचाच कणा मोडू शकतो. कानांना धरून उचलणं तर कधीच नाही.

टिपूला काम हवं, हेही विसरून चालत नाही. परसात त्याला वाळूचा एक खड्डा करून दिला, त्यात भाकरीचे तुकडे पुरले. पठ्ठ्या रोज तासभर उकरतो. चिंध्यांचं केसाळ खेळणं मात्र काढून घेतलं. ते धरून झटकायची सवय आपणच कशाला लावायची?

पालकांसाठी एक गोष्ट. कुत्र्याच्या पिसवा-गोचिडांवर पाठीवर थेंब टाकायचं औषध मिळतं, त्यातल्या काहींत फिप्रोनिल असतं. ते सशाला विषारी आहे. उरलेलं औषध "यालाही लावू" म्हणून लावू नका. आणि कुत्र्यानं सशाला तोंडात धरलंच, तर वरून जखम दिसत नसली तरी गुरांच्या दवाखान्यात न्या. दातांची भोकं केसांखाली लपतात आणि आत पू होतो. ससा बारा तास काही खात नसेल, लेंड्या बंद झाल्या असतील, तरीही थांबू नका. त्याचं पोट सतत चालू राहावं लागतं.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला आमच्याकडे गवत कापताना रानसशाची पिल्लं सापडतात, आणि वर्गातलं कुणीतरी विचारतंच, "कापूसला जोडीदार म्हणून आणू?" नाही. तो वेगळा प्राणी. पाळीव सशाची पिल्लं बिळात, उघडीनागडी, डोळे मिटलेली जन्मतात. रानसशाची केसांसकट, डोळे उघडे ठेवूनच. आई दिवसभर मुद्दाम लांब राहते, म्हणून ती पोरकी वाटतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं रानससा घरी ठेवता येत नाही. पिल्लू तिथेच राहू द्या, कुत्र्याला मात्र दूर न्या.

तर शेवटी झाली का मैत्री? मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, बहुतेक नाही. काही घरांत होते. लहानपणापासून एकत्र वाढलेल्या, शांत कुत्र्याची जास्त. तीन वर्षांच्या टेरिअरकडून ती मागायची नाही. दोघं सुखानं जगले तर पुरे, मग एकमेकांना भेटले नाहीत तरी चालेल. तेव्हा ती हिरमुसली. मोबाईलवरच्या त्या चित्राचं काय, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. मी म्हटलं, ते एका क्षणाचं चित्र. तुझा ससा आठ-दहा वर्षं जगायचा आहे.

बाबांचा रविवार टळला, मग श्रावण गेला, सहामाही झाली. गेल्या महिन्यात धाकट्या भावानं माजघराचं दार उघडंच टाकलं. आई परसातून आली तेव्हा टिपू पिंजऱ्याला नाक लावून उभा, फळीवर नखांचे ओरखडे, आणि कापूस खोक्यात. पिंजऱ्याची कडी धरून होती. आईनं टिपूला बाहेर नेलं. कापूस रात्रीपर्यंत रुसून बसला, तोवर माझ्या विद्यार्थिनीनं पाणीसुद्धा घेतलं नाही. नऊच्या सुमाराला त्यानं हरळीची एक काडी ओढली.

परवा बाबांनी दाराला आणखी एक कडी बसवलीय. भावाचा हात पोचणार नाही इतकी उंच. आता ती उघडायला तिला स्टूल लागतं, म्हणून जरा कुरकुर चालू आहे.