पार्कमध्ये अडकलेली गाडी आणि दहाचा लाल फ्यूज

गाडी सुरू होते, रेडिओ वाजतो, एसी गार वारा घालतो, पण गिअर काही 'पी'वरून हलत नाही. ब्रेकवर अक्षरशः उभं राहिलं तरी नाही. मंडळी, असे फोन मला वर्षातून दोन-तीनदा येतात. बहुतेक नव्यानं आलेल्या विद्यार्थ्यांचे, आणि बहुतेक देवळाच्या नाहीतर इंडियन ग्रोसरीच्या पार्किंग लॉटमधून. "काका, ट्रान्समिशन गेलं वाटतं. टो ट्रक बोलावू का?" माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो. "इंजिन बंद कर, मित्राला गाडीच्या मागं जरा बाजूला उभं कर आणि ब्रेक दाब. मागचे लाल दिवे लागतात का?" मित्र नसेल तर दुकानाच्या काचेत प्रतिबिंब बघायचं.

दिवे लागत नाहीत असं उत्तर आलं की मी निश्चिंत होतो. ट्रान्समिशन ठणठणीत असण्याचीच शक्यता जास्त. बहुधा फ्यूज उडालेला असतो.

ब्रेकच्या दिव्यांचा आणि गिअरचा संबंध काय, असं कुणालाही वाटेल. ऑटोमॅटिक गाडीत ब्रेक दाबल्याशिवाय गिअर 'पी'मधून निघू नये म्हणून एक कुलूप असतं. पोरंबाळं गाडीत खेळता खेळता गिअर ओढतात आणि गाडी उतारावरून घरंगळते, अशा अपघातांमुळे २००८ साली इथं कायदा झाला आणि १ सप्टेंबर २०१०पासून बनलेल्या गाड्यांना हे कुलूप सक्तीचं झालं. अनेक गाड्यांत ते त्याआधीपासूनच होतं. आता ब्रेक दाबला आहे हे कुलपाला कळणार कसं? अनेक गाड्यांत ते ब्रेकच्या दिव्यांच्या सर्किटवरूनच कळतं. फ्यूज उडाला की दिवे गेले आणि कुलपालाही निरोप गेला नाही. बटण दाबून सुरू होणाऱ्या काही गाड्या तर अशा वेळी सुरूच होत नाहीत.

गिअरच्या दांड्याजवळ बऱ्याच गाड्यांत एक छोटं झाकण असतं. त्याखालच्या खाचेत किल्ली दाबली की कुलूप सुटतं आणि गाडी निघते. ही युक्ती मुलांना कुणीतरी सांगतंच, आणि तिथंच माझा जीव खालीवर होतो. कारण गाडी निघाली तरी दिवे मेलेलेच आहेत. फ्रीवेवर पुढं ट्रॅफिक तुंबलंय, तुम्ही ब्रेक दाबलाय आणि मागच्या अठरा चाकी ट्रकवाल्याला त्याचा पत्ताच नाही! तेव्हा ती खाच फक्त गाडी रस्त्याच्या कडेला घेण्यापुरती. आधी फ्यूज.

फ्यूज हा प्रकार आपल्याला काही नवा नाही. एम.एस.ई.बी.चा वायरमन यायची वाट न बघता शेजारचे काका स्टुलावर चढून चिनी मातीचा किटकॅट उपसायचे आणि त्यात तार घालायचे, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. फ्यूजची तार संपलेली असली की इस्त्रीच्या जुन्या वायरीतले दोन-चार तांब्याचे तंतू पिळून घालायचे. फ्यूज पुन्हा उडायचा नाही म्हणून सगळे खूश. अमेरिकन माणूसही यात मागं नव्हता. इथल्या जुन्या घरांत स्क्रूसारखे फ्यूज असत, आणि लोक त्यांच्या मागं चक्क एक पेनी सरकवून देत. शेवटी चुकीच्या आकड्याचा फ्यूज बसूच नये असे 'टाइप एस' फ्यूज काढावे लागले. मनुष्यस्वभाव दोन्हीकडे सारखाच!

फ्यूज दिवा वाचवण्यासाठी असतो असा पुष्कळांचा समज असतो. तो असतो वायर वाचवण्यासाठी. कार्पेटखालून, दाराच्या फटीतून, डिकीपर्यंत गेलेली ती बारीक वायर तापून तिचं प्लॅस्टिक वितळू नये म्हणून वाटेत मुद्दाम एक कच्चा दुवा ठेवलेला असतो. गाडीच्या फ्यूजमधली पट्टी साधारणतः जस्ताची असते आणि जस्त ४२० अंश सेल्सियसच्या आसपास वितळतं. शॉर्ट झालं की आधी ती पट्टी जाते, वायर शाबूत राहते.

आता हिशेब करू, सवय आहे म्हणून. साध्या बल्बच्या गाडीत मागचे दोन ब्रेकचे दिवे साधारण २७ वॅटचे आणि काचेजवळचा मधला, जो १९८६च्या मॉडेलपासून इथल्या कार्सना सक्तीचा झाला, तो १८ वॅटचा धरा. झाले ७२. भागिले १२ व्होल्ट, म्हणजे ६ अँपिअर. म्हणून तिथं दहाचा किंवा पंधराचा फ्यूज असतो. दहाचा उडाला, जवळ तीसचाच आहे, लावून टाकू असं कुणी म्हणालं तर त्याला एवढंच सांगा: वायरमध्ये होणारी उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणे वाढते. करंट तिप्पट, उष्णता नऊपट. ती वायर सीटखाली तापणार, आणि त्या सीटवर तुमचं पोर बसलेलं असणार.

बरं, शोधायचा कुठं? बहुतेक गाड्यांत दोन पेट्या असतात. एक ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी डॅशबोर्डखाली किंवा दार उघडल्यावर डॅशबोर्डच्या कडेला, आणि दुसरी हूडखाली, म्हणजे आपल्या बॉनेटखाली, बॅटरीच्या आसपास. झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा मॅन्युअलमध्ये नकाशा असतो. त्यात 'स्टॉप' किंवा 'ब्रेक' असा शब्द शोधा. 'एबीएस' लिहिलेला वेगळा, त्याच्या वाटेला जाऊ नका. काही होंडा गाड्यांत हॉर्न आणि ब्रेकचे दिवे एकाच फ्यूजवर असतात. तेव्हा हॉर्न वाजवून बघा. तोही मुका झाला असेल तर निम्मं निदान तिथंच झालं.

गाडी बंद करा, किल्ली काढा. पेटीत एक प्लॅस्टिकचा छोटा चिमटा अडकवलेला असतो, त्यानं फ्यूज सरळ वर ओढा. उजेडाकडे धरला की आतली पट्टी तुटलेली दिसते, कधी काच काळवंडल्यासारखं प्लॅस्टिक काळं पडलेलं असतं. पण डोळ्यांवर फार विश्वास नको. पट्टीला केसाएवढी चीर असली तर ती दिसत नाही. त्यापेक्षा टेस्ट लाइट घ्या, दहा डॉलरच्या आत मिळतो. त्याचा चिमटा गाडीच्या उघड्या धातूला लावायचा. फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक धातूचे ठिपके उघडे ठेवलेले असतात ते याचसाठी. फ्यूज जागेवरच ठेवून दोन्ही ठिपक्यांना टोक लावा. दोन्हीकडे दिवा लागला तर फ्यूज चांगला. एकीकडेच लागला तर गेला. कुठंच लागला नाही तर तिथं वीजच येत नाही. किल्ली 'ऑन' करून पुन्हा बघा.

आकडा फ्यूजवरच लिहिलेला असतो, आणि रंगही ठरलेले आहेत: ५ फिकट तपकिरी, साडेसात गडद तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पांढरा, ३० हिरवा. दोन पात्यांचा हा फ्यूज १९७६ साली लिटेलफ्यूज कंपनीनं काढला. त्याआधी अमेरिकन गाड्यांत काचेच्या नळीचे फ्यूज असत. ही कंपनी १९२७ची, शिकागोची. आपलं बृहन्महाराष्ट्र मंडळही १९८१ साली शिकागोलाच जन्मलं, तेव्हा शिकागोकरांनी दोन्हींचा अभिमान बाळगायला हरकत नाही.

जवळ फ्यूज नसेल तर पेटीतच एखाद-दोन जादा ठेवलेले आहेत का बघा. तेही नसतील तर रेडिओचा किंवा सिगरेट लायटरचा, त्याच आकड्याचा आणि त्याच आकाराचा काढून लावा. घरापर्यंत गाणी नाही ऐकली तर काही बिघडत नाही. दोन शहाण्या सूचना. एअरबॅगचे फ्यूज चाचपू नका. आणि हायब्रिड गाडीत नारिंगी जाड केबल दिसली की हात मागं. तिथं बारा व्होल्ट नसतात.

नवा फ्यूज लावला, दिवे लागले, आठवडाभर राहिले, तर विषय संपला. पण ब्रेक दाबताक्षणी तोही उडाला तर तिसरा लावण्यात अर्थ नाही. शॉर्ट शोधायला हवा. माझी शोधायची पहिली जागा म्हणजे डिकीच्या झाकणाची बिजागरी. झाकणावर दिवे असतील तर वायरींची जुडी तिथून जाते आणि हजारो वेळा दुमडते. आपल्या लोकांच्या डिकीला तांदळाच्या वीस पौंडी पिशव्यांपासून गणपतीच्या मखरापर्यंत सगळं सोसायचं असतं, त्यामुळे ती जरा जास्तच उघडझाप करते. प्लॅस्टिक घासून तांबं उघडं पडतं आणि पत्र्याला टेकतं. झाकण हळूहळू वरखाली करा. एका विशिष्ट जागीच फ्यूज उडत असेल तर चोर सापडला. दुसरी जागा म्हणजे ट्रेलरसाठी मागाहून जोडलेली वायरिंग, विशेषतः गाडी सेकंडहँड घेतली असेल तर. तिसरी, पाणी शिरलेला किंवा वितळलेला बल्बचा सॉकेट. यात काहीच नसेल तर मेकॅनिककडे जा, आणि फ्यूज कधी उडतो, ब्रेक दाबल्यावर की वळताना की पावसात, हे लिहून न्या. शॉर्ट शोधायला मेकॅनिक तासावर पैसे घेतात. तुमच्या चिठ्ठीनं एखादा तास नक्की वाचतो.

लायटरच्या सॉकेटचा फ्यूज वारंवार जात असेल तर मात्र आधी टॉर्च घेऊन सॉकेटमध्ये डोकावा. तळाशी बऱ्याचदा एक पेनी पडलेली असते. फ्यूज काढून ठेवा, मगच ती पेनी काढा.