रिमझिम की रिपरिप?

ध्वनिदर्शक शब्द म्हटले की आपणा सर्वांना परीक्षेतील ‘जोड्या लावा’ आठवते. पानांची सळसळ, पंखांची फडफड, नाण्यांचा छनछनाट. जोडी जुळली, गुण मिळाला, की त्या शब्दाशी आपले नाते संपले! कवितेच्या तासाला मात्र त्यांची आठवण कुणालाच होत नाही. तेथे प्रश्न एकच : ‘कवीला काय म्हणायचे आहे?’ सात-आठ वर्षांच्या मुलाने यावर काय बोलावे? ते गप्प बसते आणि गाईडमधला अर्थ फळ्यावर उतरतो.

माझे म्हणणे असे, की लहान मुलांशी कवितेबद्दल बोलायचे तर सुरुवात या शब्दांपासून करावी. पावसाची कविता घ्या. आधी ती मोठ्याने म्हणू द्यावी, बाकावर ताल धरू द्यावा. मग विचारावे, हा पाऊस रिमझिम की रिपरिप? दोन्ही पाऊस बारीकच. पण रिमझिम हवीशी वाटते, रिपरिप नकोशी. ज्याचे घर गळते, ज्याच्या आईची मजुरी पावसाने बुडते, तो रिपरिप म्हणेल. दुसरा रिमझिमच्या बाजूने भांडेल. खुशाल भांडू द्यावे. काव्यचर्चा म्हणतात ती याहून वेगळी काय असते? (प्राध्यापकांनी रागावू नये, पण आमच्या वर्गात ती इतकी रंगत नाही.)

पाण्याचेही तसेच. झुळझुळणारा ओढा आणि खळखळणारा ओढा एक नव्हेत. दुसऱ्यात दगडगोटे आहेत, हे पाण्यात डुंबलेल्या मुलाला सांगावे लागत नाही. आणि शुकशुकाट? आवाज मुळीच नाही, तरी शब्द कानाशी वाजतोच!

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. घरी पाठ्यपुस्तकाखेरीज पुस्तक नव्हते, म्हणून कविता ही दुसऱ्यांची वस्तू असे मला वाटे. पण माझ्या निरक्षर आजीच्या बोलण्यात मोहरी तडतडते, पत्रा ताडताड वाजतो, रिकामा डबा खडखडतो. हे भांडवल प्रत्येक मूल घरूनच आणते. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र काढले, तेव्हा महागड्या साधनांऐवजी परिसरातली पाने, शिंपले, खडे मुलांच्या हाती दिले. शब्दांच्या बाबतीत तेच का करू नये?

‘पोर्शन कधी संपवायचा?’ असे शिक्षक विचारतील. अडचण खरी आहे. पण वर्षातून दोन-तीन कविता तरी अशा शिकवता येतील. आपल्यापैकी कित्येकजण उद्या शाळेत शिकवायला जातील, त्यांनी हे करून पाहावे. आणि एखाद्या मुलाने पुस्तकात नसलेला, गावाकडचा शब्द सांगितला, तर तो खोडू नये, फळ्यावर लिहावा.