जुने ग्राफिक्स कार्ड लगेच मोडीत काढावे काय?

कोल्हापूर : उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्री उद्योगात कास्टिंगचे त्रिमितीय आराखडे संगणकावर होतात. लग्नसमारंभांच्या चित्रीकरणाचे संकलन करणारेही ग्राफिक्स कार्डावरच विसंबून असतात. त्यामुळे ‘एनव्हिडिया’ने पास्कल पिढीच्या कार्डांसाठीचे नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर थांबविले, हा प्रश्न केवळ गेम खेळणाऱ्यांपुरता राहत नाही.

याच पिढीतील २०१७ चे जीटीएक्स १०८० टीआय हे तेव्हाचे वरच्या श्रेणीचे कार्ड. २०२३ चे आरटीएक्स ४०६० मध्यम श्रेणीचे. तरीही सर्वसाधारण कामात दोघांचा वेग जवळपास सारखाच भरतो. फरक विजेत आहे. पूर्ण भार असताना जुने कार्ड २५० वॅटपर्यंत वीज घेते, नवे ११५. एव्ही१ स्वरूपात चित्रफीत तयार करण्याची सोयही नव्यातच आहे. पण मेमरी? जुन्यात ११ जीबी, नव्यात अवघी ८! मोठ्या चित्रफितींवर काम करणाऱ्याला ही कपात जाणवल्याखेरीज राहणार नाही.

आराखड्यांच्या कामात तर फेरबदलांचा हिशेब बहुतांशी प्रोसेसरच करतो. तेथे नवे कार्ड बसवून फारसे काही साधत नाही (गेमच्या वेगाचे आकडे दाखवून कार्ड खपविणारे हे सांगतीलच, असे नाही). सुरक्षेसाठीचे ड्रायव्हर जुन्या कार्डांना ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहेत. तोवर चालते कार्ड काढण्याऐवजी रॅम वाढविणे छोट्या कारखानदाराला अधिक परवडेल.