कार्डावरची लाल खूण

सुनेच्या किंवा लेकीच्या माता-बाल संरक्षण कार्डावर लाल खूण लागली की घरातल्या वडीलधाऱ्यांची झोप उडते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ साली सुरू झाले. तेव्हापासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. जोखीम नसेल तर कार्डावर हिरवी खूण लावतात, आणि रक्तदाब वाढलेला, रक्त फार कमी, साखर, जुळे, आधीचे सिझेरियन असे काही आढळले तर लाल. मग सासूबाई माझ्यापुढे बसून विचारतात, “डॉक्टर, सगळं नीट होईल ना?” याचे प्रामाणिक उत्तर ‘बहुधा’ असे आहे, आणि ‘बहुधा’ हा शब्द घेऊन घरी जाणे कोणालाच रुचत नाही.

म्हणून या शब्दाचे मोल आधी समजून घेऊ. गरोदरपणात रक्तदाब वाढून मूत्रपिंड, यकृत आणि वार यांना इजा पोहोचवणाऱ्या आजाराला प्रीएक्लाम्पसिया म्हणतात. २०१७ साली युरोप आणि इस्रायलमधील रुग्णालयांतून त्यावरील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणीत जोखमीच्या ठरलेल्या १,७७६ स्त्रिया तिच्यात होत्या. साधारण निम्म्या जणींना रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिले आणि उरलेल्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. ३७ आठवडे भरण्यापूर्वी हा आजार औषध न मिळालेल्या शंभरांपैकी सुमारे चौघींना झाला, तर औषध मिळालेल्या शंभरांपैकी दोघींहून कमी जणींना. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचावेत. जोखमीच्या म्हटलेल्या बहुतेक स्त्रियांना हा आजार लवकर झालाच नाही, औषध नसतानाही. आणि गोळी देऊनही काहींना तो झालाच. (ही गोळी लवकर, शक्यतो सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू करावी लागते, आणि ती कोणाला द्यायची हे डॉक्टरांनीच ठरवायचे, घरातल्या हृदयरोगी आजोबांच्या डब्यातून ती देऊ नये.)

अनिश्चितता सोसवत नाही, तेव्हा माणूस ती हाताला लागेल त्याने भरून काढतो. मीठ तोडले जाते. त्याने हा आजार टळत नाही, फक्त जेवण नकोसे होते. दिवसभर अंथरुणावर पडून राहायला सांगितले जाते. त्यानेही तो टळत नाही, उलट पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. दोष देण्याची सवय मात्र मला या दोन्हींहून घातक वाटते. ती जिना चढली, ग्रहणात चिरायला बसली, माहेरी दगदग झाली. असे ऐकलेली मुलगी पुढच्या वेळी डोके दुखले तरी सांगत नाही. “आमच्या वेळी कुठे होत्या सोनोग्राफ्या?” असे म्हणणाऱ्यांना मी एक आकडा सांगतो. १९९७-९८ मध्ये देशात एक लाख जिवंत जन्मांमागे ३९८ माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये ९७. आमच्या वेळच्या ज्या दगावल्या, त्या सांगायला उरल्या नाहीत.

मग आपण विचारायचे काय? ‘नीट होईल ना’ याऐवजी विचारा, की आता नेमके कशावर लक्ष ठेवायचे आहे, पुढची तपासणी कोणत्या तारखेला आहे आणि काय झाले तर त्या तारखेची वाट पाहायची नाही. या प्रश्नांना डॉक्टर ठाम उत्तरे देऊ शकतात. शेवटच्याचे उत्तर कागदावर लिहून घ्या: न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे किंवा अंधारी, बरगड्यांखाली दुखणे, धाप, एकाएकी चेहरा सुजणे, झटके, रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे. घरी रक्तदाब मोजत असाल, तर आधी पाच मिनिटे तिला शांत बसू द्या आणि आकडा तारखेसह वहीत लिहा. १४०/९० किंवा अधिक आला तर त्याच दिवशी कळवा. १६०/११० आला तर फोनवर बोलत बसू नका, निघा.

आपल्या भागात आणखी एक अडचण असते. पहिले बाळंतपण माहेरी, हा रिवाज. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झाले की मुलगी जते‌कडच्या एखाद्या वस्तीवर जाते आणि फाइल मात्र सासरच्या कपाटात राहते. नव्या डॉक्टरांना आधीचा रक्तदाब, सोनोग्राफी, चालू गोळ्या, काहीच ठाऊक नसते. लाल खूण असेल तर माहेरी पाठवण्याआधी दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनी एकत्र बसावे, हा माझा आग्रह आहे. कवठे महांकाळहून मिरजेच्या शासकीय रुग्णालयापर्यंत जायला साधारण तासभर लागतो. वस्तीवरून किती लागेल, हे दिवसाउजेडी एकदा जाऊन पाहावे. रात्री गाडी कोणाची, ती चालवणार कोण, रक्तगट कोणता, सोबत कोण जाणार, हे तेव्हाच ठरवा. १०८ हा क्रमांक दोन्ही घरांच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा, आणि फाइल तिच्या पिशवीत सर्वांत वर ठेवा.