अकरा दिवसांची घाई

२०२५ या वर्षात आपल्या देशाने कुत्र्यांवर जेवढी चर्चा केली, तेवढी एखाद्या पंचवार्षिक योजनेवरही कधी केली नसेल. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तो बदलून, नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री जिथून उचलली तिथेच सोडावीत, पिसाळलेली आणि हल्लेखोर तेवढी सोडू नयेत, असे सांगितले. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बस स्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातून कुत्री हटवा, असे फर्मावले. त्याआधी मार्च २०२४ मध्ये केंद्राने २३ हिंस्र जातींवर बंदीचे परिपत्रक काढले होते. ते पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने रद्द केले. म्हणजे रस्त्यावरचे कुत्रे आणि दांडगे कुत्रे यांचा विचार झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पण या गदारोळात एक कुत्रे कोणाच्याच खिजगणतीत नव्हते. ते म्हणजे चपलांच्या खोक्यात मावेल एवढे, पैसे मोजून विकत आणलेले, आणि घरी आल्यावर चौथ्या दिवशी खोकू लागलेले पिल्लू.

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या पश्चिमेला, किल्ल्याच्या आणि राजराजेश्वराच्या आसपासच्या गल्ल्यांत मी लहानाचा मोठा झालो. तेव्हा कुत्रा ‘पाळणे’ म्हणजे ओट्यापाशी बसणाऱ्या गावठी कुत्र्याला रात्रीची भाकर टाकणे. पांढऱ्या केसाळ कुत्र्यांची हौस आली ती नंतर. १९९४ मध्ये ‘हम आपके हैं कौन’मधल्या टफीने ती घरोघरी पोचवली. आपण त्या जातीला सरसकट ‘पॉमेरियन’ म्हणत आलो. खरे म्हणजे तो भारतीय स्पिट्झ. २००३ च्या सुमारास एका मोबाईल कंपनीच्या जाहिरातीतून पग आला. आता शिह त्झूचा जमाना आहे. वाडे पडून फ्लॅट झाले, घरातली माणसे चारवर आली, मुले एकेकटी झाली. लहान कुत्र्याची मागणी वाढली यात नवल नाही. मला त्या हौसेची टिंगल करायची नाही. एकट्या मुलाला कोणीतरी जिवंत सोबती हवा असतो.

आमच्याकडेही असेच एक आले. नातीच्या वाढदिवसाला मुलाने मोठ्या शहरातल्या एका विक्रेत्याकडून फोनवर ठरवून मागवले, आणि ते रात्रीच्या ट्रॅव्हल्सने, प्लॅस्टिकच्या टोपलीत, ड्रायव्हरच्या मागच्या जागेवरून अकोल्यात उतरले. नातीने नाव ठेवले कापूस. वऱ्हाडात पांढऱ्या वस्तूला दुसरे नाव सुचणार तरी कोणते! तीन दिवस कापूस घरभर फिरला. चौथ्या दिवशी पहाटे त्याला ठसका लागला: कोरडा, खणखणीत, आणि शेवटी ओकारी आल्यासारखे तोंड वासणे. ऐकणाऱ्याला हमखास वाटते की घशात हाड अडकले.

गल्लीत एकदा खोकला ऐकू गेला की सल्ल्यांना तोटा नसतो. “काय झालं बापा याले? हळदीचं दूध पाजा न,” असे एक. “थोडी ब्रँडी चाटवा,” दुसरे. तिसऱ्याने तर घरातलीच लहान मुलाच्या खोकल्याची अर्धी बाटली आणून दिली. ही बाटली सगळ्यांत भयंकर. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्या शेजारच्या छिंदवाड्यात कोल्ड्रिफ नावाच्या औषधाने लहान मुले दगावली, त्यांतल्या अनेकांना उपचारासाठी नागपुरात आणले होते. ते औषध विषारी रसायनाने दूषित होते, ती गोष्ट वेगळी. पण चांगल्या बाटलीतही मोठ्यांच्या आणि मुलांच्या मापाने जे मिसळलेले असते, ते एक-दीड किलोच्या जिवाला झेपेलच असे नाही. आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला घातक. साखर नसलेल्या काही औषधांत झायलिटॉल असते, तेही कुत्र्याला विषच. आणि खोकणाऱ्या पिल्लाचे तोंड धरून दूध ओतले, तर ते पोटाऐवजी फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. हळदीच्या दुधाने आजवर किती पिल्ले गेली असतील, याची नोंद कोण ठेवणार?

मोर्णा ओलांडून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी छाती ऐकली, ताप पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, “किती दिवसांचं आहे?” मुलगा म्हणाला, “पंचेचाळीस.” डॉक्टर नुसते हसले. माझे बँकेतले सगळे आयुष्य आकड्यांत गेले, त्यामुळे त्या हसण्याने मी चमकलो आणि घरी येऊन नियम काढून वाचले.

श्वान पैदास व विक्रीचे नियम केंद्राने २०१७ साली केले. त्यांत स्पष्ट म्हटले आहे की आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकायचे नाही. आठ आठवडे म्हणजे ५६ दिवस. बाजारात मात्र ‘पंचेचाळीस दिवसांचे’ हा जणू मालाचा दर्जा झाला आहे, हापूस म्हणावे तसा. जाहिरातीतच तो छापतात. म्हणजे नियमभंग लपवण्याचीही गरज उरलेली नाही. फरक अकरा दिवसांचा. आणि पिल्लाच्या आयुष्यात हे अकरा दिवस साधे नाहीत. आईच्या पहिल्या दुधातून मिळालेले संरक्षण याच सुमारास ओसरत असते. पहिली लस साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान द्यायची. ती दिल्याबरोबर काम करत नाही, आणि आईचे संरक्षण शिल्लक असले तर तेच लसीला निकामी करते. म्हणून तर दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचे होईपर्यंत, ती पुन्हा पुन्हा द्यावी लागते. नेमक्या या फटीत पिल्लू आईपासून तोडले जाते, दहा ठिकाणच्या पिल्लांबरोबर एका पिंजऱ्यात ठेवले जाते आणि रातोरात शेकडो किलोमीटर हलवले जाते. त्या पिंजऱ्यात ‘केनेल कफ’चा जंतू किंवा विषाणू असला, तर लक्षणे दिसायला ३ ते १४ दिवस लागतात. विकताना पिल्लू ठणठणीत. खोकतो तो तुमच्या घरी.

विक्रेत्याच्या हिशेबात मात्र हे चोख बसते. अकरा दिवसांचे खाणे वाचले, लस वाचली, पिंजरा रिकामा झाला, आणि पिल्लू जेवढे लहान तेवढे गोजिरे म्हणून भावही बरा आला. तोटा ज्याच्या खात्यात पडतो, तो कोणाचा खातेदारच नाही.

मी बँकेत असताना एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली दुभत्या जनावरांसाठी कर्जे देत असू. १९८० पासून ही योजना सगळ्या तालुक्यांत होती. म्हैस घ्यायची तर गुरांच्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागे, वय आणि वेत लिहिलेले, किंमत ठरवलेली, विमा उतरवलेला, आणि कानात बिल्ला. बिल्ल्याशिवाय विम्याचा दावा मंजूर होत नसे. त्यातही एकच म्हैस तीन गावांत तीन कर्जांना दाखवली जाई, हे मी नाकारत नाही. कादंबरीकार म्हणून त्या म्हशीचे माझ्यावर उपकारच आहेत. तरी काही कागद होता म्हणूनच लबाडी पकडता येत होती. आज त्या म्हशीच्या तेव्हाच्या किमतीहून कितीतरी जास्त पैसे मोजून घेतलेल्या कापसाबरोबर काय आले? लसीचे एक छापील रंगीत कार्ड. त्यावर कुपीची चिकटवलेली पट्टी होती, पण डॉक्टरांची सही नव्हती, नोंदणी क्रमांक नव्हता, तारीखही नव्हती.

२०१७ च्या नियमांत हे सगळे आहे. पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. मादी अठरा महिन्यांची झाल्याशिवाय तिला गाभण करायचे नाही. वर्षातून एकदाच वीत, आणि आयुष्यात पाचच. दुकानांसाठी २०१८ चे नियम वेगळे. परदेशी वंशाची बढाई मारणाऱ्यांसाठी हेही सांगितले पाहिजे की विक्रीच्या पैदाशीसाठी कुत्री आयात करण्यावर केंद्राने २०१६ सालीच निर्बंध घातले. तेव्हा ‘इम्पोर्टेड’ हा शब्द ऐकला की कागद मागावा. नियम वाईट नाहीत. पण ज्या कायद्याखाली ते केले, तो प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायदा १९६० चा. क्रौर्याच्या पहिल्या गुन्ह्याला त्यात दंड आहे १० ते ५० रुपये. १९६० साली ५० रुपये ही रक्कम होती. आज तेवढ्यात पिल्लाच्या गळ्यातला पट्टाही येत नाही. २०२२ मध्ये केंद्राने शिक्षा वाढवण्याचा मसुदा लोकांपुढे ठेवला. त्याचा कायदा काही झाला नाही. ज्या दंडाची वसुली करायला पाठवलेल्या शिपायाचे भाडेही निघत नाही, तो दंड कोणीच वसूल करत नाही, हे कुठलाही बँकवाला सांगेल.

कापसाचा खोकला केनेल कफचाच निघाला. चांगल्या प्रकृतीच्या कुत्र्यात तो दोन-तीन आठवड्यांत आपोआप ओसरतो. एवढ्याशा पिल्लात तो छातीत उतरू शकतो, म्हणून लक्ष ठेवायचे. डॉक्टरांनी औषध थोडे आणि सूचना पुष्कळ दिल्या. गळ्यातला पट्टा काढा, छातीवरून बांधायचा घ्या. लहान जातींची श्वासनलिका मऊ असते, काहींत तिच्या कड्या दबून पुढे जन्माचा खोकला जडतो. उदबत्ती आणि डासांची अगरबत्ती त्याच्यापासून दूर ठेवा. (मिरचीच्या फोडणीचे काय, असे सूनबाईंनी विचारले. वऱ्हाडात ते बंद कसे करणार! पिल्लाला मागच्या खोलीत हलवले.) कूलरच्या ओल्या झोतात झोपवू नका. जंताचे औषध द्या, कारण आईच्या पोटातूनच आलेले जंत पिल्लाच्या फुप्फुसातून वर चढतात आणि त्यानेही खोकला येतो. दर तीन-चार तासांनी थोडे खाऊ घाला. इतक्या लहान जातीच्या पिल्लाने एक-दोन वेळा खाल्ले नाही तरी रक्तातली साखर घसरून ते मलूल पडते. आणि झोपेत श्वास मोजा: मिनिटाला चाळीसच्या वर सतत गेला, हिरड्या फिक्या किंवा निळसर दिसल्या, नाकाडोळ्यांतून पिवळे येऊ लागले, तर रात्र असली तरी निघा. नातीने घड्याळ घेऊन श्वास मोजायचे काम अंगावर घेतले. तीन आठवड्यांनी कापूस खोकायचा थांबला.

त्याच खेपेतले दुसरे पिल्लू मूर्तिजापूरला गेले होते. त्याचाही खोकलाच होता, सुरुवातीला. मग डोळ्यांत पू, ताप, आणि काही आठवड्यांनी जबडा आपोआप चावल्यासारखा हलू लागला. तो डिस्टेंपर होता. पिल्लू गेले. त्या घरातल्या मुलाने दोन दिवस जेवण घेतले नाही, असे त्याच्या वडिलांनी फोनवर सांगितले.

डिस्टेंपरचा विषाणू माणसाच्या गोवराचा आणि गुरांच्या बुळकांडीचा भाऊबंद. बुळकांडी हा शब्द आमच्या पिढीतल्या शेतकऱ्याला ऐकूनही कापरे भरे; गोठेच्या गोठे रिकामे होत. ती बुळकांडी आज पृथ्वीवर नाही. २०११ साली तिचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. ते गावोगाव टोचलेल्या लसींमुळे आणि ठेवलेल्या नोंदींमुळे झाले. तिच्या भावाला आपण मात्र रात्रीच्या बसने, तिकीट न काढता, गावोगाव पोचवतो आहोत. आणि तो विकतच्या पिल्लापाशी थांबत नाही. ओट्याखालच्या, कधी लस न टोचलेल्या गावठी कुत्र्यांतही शिरतो. मग आपण त्यांनाच रोगट म्हणतो.

लहान नाकाच्या जातींचा तर अकोल्यात मूळचाच प्रश्न आहे. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो, आणि पग किंवा शिह त्झूचे आखूड नाक त्याला तेच नीट करू देत नाही. मे २०२४ मध्ये इथल्या उन्हामुळे जिल्हा प्रशासनाला कलम १४४ लावावे लागले होते. त्या उन्हात हे कुत्रे दुपारी बाहेर काढणे म्हणजे काय, ते सांगायला डॉक्टर नको.

आपल्या गावाला एक सोय इतरांपेक्षा जास्त आहे. स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था अकोल्यात आहे, तिथे शिकणारे आणि शिकवणारे तज्ज्ञ आहेत. महापालिकेने विकत आणलेल्या प्रत्येक पिल्लाची एका वहीत नोंद घ्यायची ठरवली, कुठून आणले, विक्रेत्याचा नोंदणी क्रमांक काय, पहिली लस कोणी टोचली, तर फार खर्च नाही. वर्षभरात कोणत्या शहरातल्या कोणत्या दुकानातून खोकला येतो ते समोर दिसेल. मी त्या विक्रेत्याकडे फोनवर नोंदणी क्रमांक मागितला होता. “अंकल, आपको डॉग चाहिए था या कागज?” असे त्याने विचारले आणि फोन ठेवला.

परवा डाबकी रोडचे एक ओळखीचे गृहस्थ आले. मुलीला पिल्लू घ्यायचे होते, पंचेचाळीस दिवसांचे मिळत होते. मी त्यांना म्हटले, आई दाखवायला सांगा, सहीचे कार्ड मागा, आणि आणखी अकरा दिवस तिथेच ठेवायला लावा. हवे तर त्या दिवसांचे पैसे वेगळे द्या. त्यांनी तसे कळवले. विक्रेत्याने दुसऱ्या दिवशी ते पिल्लू दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिले. अमरावतीला गेले म्हणे, रात्रीच्या गाडीने.